पुस्तकाला कळू न देता

“पान पलटवा बाई, पण पुस्तकाले समजू नका देऊ.”

अमरावतीच्या कॉलेजात मी शिकवायला लागले, तेव्हा ग्रंथालयात ऐकलेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. आवाज इतका खालचा की मला पुढे वाकावं लागलं. ते आमचे ग्रंथपाल, मूळचे तिवशाकडचे. सगळे त्यांना भाऊ म्हणत. पानाच्या वरच्या कोपऱ्याखाली बोट सरकवून ते पान असं उलटत की कागद वाजत नसे. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटलेल्या बोटांना थुंकी लावून पान उलटणाऱ्या मुलाजवळ जाऊन उभे राहत आणि त्याच्या कानाशी म्हणत, “बापू, ते पुस्तक होय, खर्र्याची पन्नी नोय.” रागावतानाही त्यांचा आवाज चढला नाही.

निवृत्तीनंतर मानेच्या आजारात त्यांचे दोन्ही हात गेले. डोळे शाबूत, वाचा शाबूत, हात मात्र मांडीवर ठेवलेले. त्यांची बायको, आमच्या वहिनी, पानं उलटून देत, पण त्यांना हाक मारायची भाऊंना लाज वाटे. तिचा स्वयंपाक करपून राहिला अन् मी पान मागून राहिलो, असं ते म्हणत.

मग त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने घरच्या कॉम्प्युटरवर सोय करून दिली. पुस्तकं पडद्यावर आली आणि पानं आवाजाने उलटू लागली. ऐकणं, ओळखणं, सगळं त्या डब्यातल्या डब्यात; इंटरनेटची गरज नव्हती. शब्द मोजकेच: पलटव, मांगं, थांब. भाऊंनी ते त्याला आपल्या ग्रंथालयातल्या आवाजात शिकवले होते. त्यामुळे कुजबुजीएवढं “पलटव” म्हटलं की जरा विचार करून पान उलटे. सर्दी झाली की ओळख देत नसे. भाऊ म्हणत, “आज सुटी.” मी बसलेली असताना एकदा कुकरची शिट्टी झाली आणि पान आपोआप उलटलं. भाऊ हसले. “पाहा बाई, कुकरनंबी एक पान वाचलं.” मग हळूच “मांगं” म्हणाले आणि पान परत आलं. हात गेल्यानंतर त्यांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

वहिनी गेल्या आणि मुलाने भाऊंना अकोल्याला नेलं. घर आवरताना तो कॉम्प्युटर भंगारात गेला. जुना ठोकळा कशाला न्यायचा, असं मुलाला वाटलं. त्याने नवा घेतला, चांगला महागाचा. मी भेटायला गेले तेव्हा त्याने कौतुकाने दाखवला. तेल्हाऱ्यात आज कापसाला काय भाव, असं विचारलं तर तो भाव सांगत होता. कोणाचाही आवाज त्याला चाले, पूर्ण वाक्यं कळत. आपला आवाज नेटवरून दूरच्या मोठ्या यंत्रांकडे जातो, तिथे ओळखला जातो आणि हुकूम परत येतो, असं मुलाने समजावून सांगितलं.

भाऊंनी ऐकून घेतलं. “लय हुशार हाय,” ते म्हणाले. “पण याच्याशी जोरानं बोलावं लागते. अन् पान माह्यासमोर, मी इथंच, तर परवानगी तिकडून कायले?”

मुलगा हसला. मीही हसले.

त्या घराची एक शिस्त होती. एकदा वीज पडून टीव्ही जळाला होता, तेव्हापासून घराबाहेर पडताना वरच्या मजल्यावरची सगळी बटनं बंद करायची. नेटचा डबा वरच्या बेडरूममध्ये होता आणि त्या खोलीला कुलूप लागे. सकाळी मुलगा-सून नोकरीवर निघत. खाली पंखा चालू राही, कॉम्प्युटर चालू राही, पडद्यावर पुस्तकही उघडं असे. दुपारी एक बाई येऊन भाऊंना जेवू घाले आणि जाई.

पुढच्या वेळी मी न कळवता दुपारी गेले. त्या बाईने दार उघडलं. भाऊ पडद्यासमोर बसले होते. इंटरनेट जोडलेलं नाही, अशी एक ओळ खाली दिसत होती. मला पाहून त्यांनी एकदा “पलटव” म्हणून दाखवलं, मग जोराने म्हटलं. त्या माणसाचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. पान हललं नाही.

मी कळ दाबून पान पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, मी पुढचं केलं. काही वेळाने त्यांनी डोळे मिटले.

“राहू द्या बाई. तुमी जासान, मंग?”

मुलाला सांगितलं का, असं मी विचारलं. सांगितलं होतं. त्या संध्याकाळी मीही त्याला बोलले. तो खरोखर ओशाळला. काही दिवस वरचं बटन चालू राहिलं, मग सवयीने पुन्हा बंद होऊ लागलं. भाऊंनी फिरून सांगितलं नाही. “आपल्याच घरात पानासाठी अर्ज किती वेळा करावा?” एवढंच मला फोनवर म्हणाले. तोही फोन दुसऱ्या कोणीतरी धरलेला होता.

या उन्हाळ्यात ते गेले. तेरवीला अकोल्यात बरीच माणसं जमली. मुलगा रडत सांगत होता, “बाबांचं सगळं आवाजावर होतं. बोटसुद्धा लावावं लागत नव्हतं.” लोक माना हलवत होते, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं, असं कोणीतरी म्हणालं.

जेवणं दुसरीकडच्या सभागृहात होती. सगळे निघालो. फाटकाशी सुनेने विचारलं, “वरची बटनं बंद केली का?”

मुलगा डोळे पुसत परत आत गेला.