आईच्या पायांवर बोललेला नवस

आई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तशी ती आधीच खंगली होती. हृदय थकलेलं, दोन घास खाऊन तोंड फिरवायची. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशननं दुखणं कमी होईल, पण त्यांचं हृदय ते सोसेल याची खात्री नाही. शिवाय त्या पुन्हा चालतील असंही वाटत नाही. ऑपरेशन न करता दुखणं आटोक्यात ठेवून घरीही नेता येईल." पुण्याहून दादा फोनवर म्हणाला, "तू म्हणशील तसं." झालं, सगळं माझ्याच गळ्यात!

माझी पंचाईत वेगळीच होती. आईला दवाखान्यात नेताना मी घाबरून देवीला नवस बोलून बसले होते: तिला बरी कर, तिला चालवत तुझ्या पायऱ्या चढवीन. आता ऑपरेशन नको म्हटलं तर तिच्या चालण्याची उरलीसुरली आशा जाते, नवस मोडतो आणि देवी कोपते, ही धास्ती मनातून जाईना. एवढी शिकले, पण नवसापुढे शहाणपण चाललं नाही. शेवटी ऑपरेशनला होकार द्यायचं ठरवलं आणि त्याआधी छावणीकडच्या देवीच्या देवळात गेले.

पायऱ्यांच्या पायथ्याशी परडी घेऊन एक म्हातारी बसली होती. मला रडताना पाहून तिनं हात धरून शेजारी बसवलं. का कोण जाणे, त्या अनोळखी बाईला मी सगळं सांगून टाकलं. ती चक्क हसली.

"पाय मायचे अन् नवस तुझा व्हय? तिला इचारलंस का?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"बोललेलं फिरवून मागता येतं बाई. माझे गुडघे गेले, तवा मीबी फिरवलं. आता हितूनच हात जोडते. देवी हाय ती, जमादार नाय."

मी तिथंच डोळे मिटून नवं मागणं मागितलं: तिला चालवू नकोस, तिची कळ तेवढी घे. मग दवाखान्यात येऊन आईला पहिल्यांदाच विचारलं. तिनं माझा हात घट्ट धरला. "चालायचं नाय गं आता. लई दुखतंय. तेवढं थांबव अन् घरी ने."

ऑपरेशन नको म्हणून सांगितल्यावर डॉक्टरांनी मांडीची नस बधिर करणारं इंजेक्शन दिलं, घरी द्यायची औषधं दिली, उशा लावून कूस कशी बदलायची ते दाखवलं. "हाही उपचारच आहे," म्हणाले. त्या संध्याकाळी आईच्या कपाळावरची आठी गेली. गारखेड्याला घरी आल्यावर तिनं दुधात कुस्करलेली भाकरी मागून खाल्ली आणि मीठ कमी पडलं म्हणून मला बोललीसुद्धा. ते बोलणं ऐकून मला किती बरं वाटलं!

काही आठवड्यांनी आई गेली. दिवस चांगला वर आला होता, मी तिचे केस विंचरत होते. ती कण्हली नाही. देवळातली म्हातारी मला पुन्हा भेटली नाही. ती कोण होती, याचा मी खल करत नाही. देवीला अटी घालायचं सोडलं, तेव्हा कुठं आईचं म्हणणं मला ऐकू आलं. आजही तिच्या आठवणीनं रडू येतं, पण काळीज जळत नाही. एवढं दान देवीनं पदरात घातलं.