ती घर सोडते तो सिनेमा

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जळगावच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागून मला दोनच वर्षं झाली होती. गावातल्या चित्रपट मंडळाने त्या उन्हाळ्यात महायुद्धानंतरचे तीन अमेरिकन सिनेमे मागवले, दर रविवारी दुपारी एक. संवाद फार कुणाला कळत नसत, म्हणून आधी मराठीत चार शब्द सांगायचं काम माझ्याकडे होतं. विषय मीच निवडला होता : सिनेमातली बाई कशी बदलत गेली.

त्याच दिवसांत माझी थोरली बहीण धुळ्याहून जळगावला लागूनच असलेल्या पिंप्राळ्याला आमच्याकडे आली होती. भाऊजी चार वर्षं आखातात होते, तेव्हा ती शाळेत शिकवून एकटीने घर चालवत होती. ते परतले आणि महिन्याभरात त्यांनी तिला राजीनामा द्यायला लावला. या खेपेला ती का आली ते तिने सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

पहिल्या सिनेमात युद्धकाळात कारखान्यात राबणारी बाई होती. नवरा सैन्यातून परततो, ती कामाचे कपडे उतरवून झालरीचा फ्रॉक घालते आणि सगळे आनंदात असतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई हात मांडीवर ठेवून बसून राहिली. दुसऱ्यात पन्नासच्या दशकातलं चकचकीत स्वयंपाकघर होतं. पाहुण्यांसमोर हसणारी बाई मोरीपाशी जाऊन रडायची. तिसरा सत्तरच्या दशकातला. बाई नवऱ्याला सांगून, बॅग उचलून निघून जाते. "पूर्वी अशा बाईला शेवटी मारायचे, नाहीतर परत घरी आणायचे," मी लोकांपुढे तावातावाने बोलले, "इथे तिला जाऊ दिलंय."

परतताना रिक्षात ताईने विचारलं, "पण ती गेली कुठे गं?"

"ते दाखवत नाहीत. बाहेर पडली, हे महत्त्वाचं."

"तिला आईवडील नव्हते?"

मला हसू आलं. ती हसली नाही.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "आबा, मला धुळ्याला परत जायचं नाही."

 वडील म्हणाले, "धाकटीचं लग्न व्हायचंय अजून."

आईने तिच्या पाठीवर हात फिरवला आणि सगळं ठीक होईल अशी अहिराणीत समजूत घातली. "जाऊ दे, त्याना सभावच तसा शे. बठ्ठं ठीक हुई जाई."

ताईने माझ्याकडे पाहिलं. ती धाकटी मीच होते. लग्न माझं होतं, मी नको म्हणू शकत होते. निदान एवढं तरी म्हणू शकत होते की, ती माझ्याबरोबर राहील. मी उष्टी ताटं गोळा केली आणि आत गेले.

दोन दिवसांनी तिला बसस्टँडवर पोचवायला गेले. खिडकीशी बसून ती म्हणाली, "तू छान बोलतेस गं." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

हिवाळ्यात माझं लग्न झालं. ताईने भाऊजींबरोबर उभं राहून पाहुण्यांचं स्वागत केलं. शाळेत ती पुन्हा कधी गेली नाही. हळूहळू तिचं माहेरी येणं कमी झालं, बोलणंही. काही वर्षांनी, माफी मागायची असं ठरवून मी धुळ्याला गेले. भाऊजी समोरच बसले होते. तिने चहा केला, माझ्या मुलांची चौकशी केली. मी चहा प्याले आणि तशीच परतीच्या बसला बसले.