आंदणाच्या कपाटाचा फोटो

स्थळ जळगाव जामोदचं. बोलणी झाली तेव्हा 'आम्हाला काही नको' असं त्या लोकांनी चारचौघांत सांगितलं होतं. साखरपुडा होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच होणाऱ्या सासूबाईंचा मोबाइलवर निरोप आला, "आंदणाच्या कपाटाचा फोटो पाठव. आमच्या पाहुण्यांले दाखवाचा हाय."

कपाट वडिलांनी आमच्या बांधावरचं सागवान तोडून उंद्रीच्या सुताराकडून करून घेतलं होतं. दाराला उभा आरसा. मी ट्यूबलाइट लावून घाईत फोटो काढला. उत्तर आलं, "अंधारं दिसून राह्यलं." फ्लॅश मारला तर पॉलिशवर पांढराफटक डाग. तिसऱ्या फोटोत दोरीवरचे कपडे आले, तेही त्यांना खुपले. मला पसंत करायला यांना एक फोटो पुरला होता आणि कपाटाचे मात्र तीन झाले तरी समाधान नाही!

तरी मी हट्टाला पेटले. दुसऱ्या दिवशी सकाळी दार-खिडक्या सताड उघडल्या, ट्यूब बंद केली, दोरी सोडली, कपाट खिडकीकडे जरा तिरकं सरकवलं. मोबाइल छातीशी सरळ धरला, म्हणजे कपाट वाकडं येत नाही. एक बाजू काळवंडतच होती. वडील नुकतेच वांग्यांना पाणी देऊन आले होते. त्यांनी पांढरी चादर उचलली आणि माझ्या बाजूला ताणून धरली. चादरीवरचा उजेड कपाटावर पडला आणि लाकडाची रेघन् रेघ दिसायला लागली.

फोटो पाठवला. लगेच उत्तर, "झकास. पन आरशात तो बनियनवाला कोन हाय? त्याले काढून पाठव."

बनियनवाला! साखरपुड्यात याच माणसाने यांच्या घरच्या प्रत्येकाला कुंकू लावून टॉवेल-टोपीचा आहेर केला होता.

वडिलांनी वाचलं आणि हसले. "काप ना मले त्यातून. कपाट दिसलं म्हंजे झालं."

त्या हसण्याने माझं डोकं जास्तच फिरलं. मी त्यांना तसंच बनियनवर कपाटापुढे स्टुलावर बसवलं. फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'हे माझे बाबा. यांना काढून काहीच मिळणार नाही, मीही नाही.' पाठवायच्या आधी त्यांना वाचून दाखवलं.

"लगन मोडीन ना बाई," वडील म्हणाले.

"मोडू द्या."

ते स्टुलावरून उठले. "थांब, शर्ट घालतो," म्हणाले आणि मग शर्ट न घालताच पुन्हा स्टुलावर बसले.