गुलिस्तानच्या तहावर माझी सही

मी जर्मनीला निघालो तेव्हा चिंचवडच्या आमच्या सोसायटीतून अडीचशे माणसं मला पोचवायला आली होती. माझी बायको सायली हा आकडा अकरावर आणते, पण तिनं वॉचमन आणि ड्रायव्हर धरलेले नाहीत. आईनं बॅगेत इतकं कोंबलं होतं की विमान पहिला तासभर डावीकडे कलून उडत होतं. बाबा मोजणी खात्यातून रिटायर झालेले. आयुष्यभर भांडणाऱ्या भावांच्या बांधावर उभं राहून हद्दी ठरवल्या. सगळे डोळे पुसत असताना ते गाडीच्या खिडकीतून एवढंच म्हणाले, "तिथं आधी चारी बाजूंनी फिरून बघ, मग बूड टेकव."

मी दोनच बाजूंनी फिरलो आणि स्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगेनला बूड टेकवलं. गाड्यांच्या मोठ्या कारखान्याला भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. त्याला आता नऊ वर्षं झाली. तुम्ही तिकडे राहिलेले अजून विचारता, "करमतं का रे?" इकडे आलेले मात्र "पार्किंग मिळालं का?" एवढंच विचारतात. दोन्हींचं उत्तर मी "या, या", म्हणजे जर्मनमधलं "हो, हो", असं देतो आणि विषय बदलतो.

इथलं पहिलं माणूस मला जिन्यात भेटलं. या भागात प्रत्येक बिऱ्हाडानं पाळीपाळीनं जिना झाडायचा असतो. त्या पाळीला म्हणतात केरवोखे. केर काढायचा आठवडा! मला वाटलं, आपलेच लोक इथं आधी येऊन नाव ठेवून गेलेत. मी झाडू घेऊन उतरलो तर खालच्या मजल्यावरचे बेहरूज आगा पायरीवर बसून माझ्या झाडण्याची परीक्षा घेत होते. इराणातल्या तब्रीझचे, एकेकाळी इतिहासाचे मास्तर, मग तीस वर्षं स्टुटगार्टच्या चढांवर टॅक्सी चालवलेली. त्यांनी चहाला आत नेलं. खोलीत चहाचं पाणी उकळायचा पितळी समोवार होता. मी म्हटलं, "काय सुंदर आहे हो!" ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "तुमचाच आहे. घेऊन जा."

आता बघा, मी नुकताच जर्मनचा वर्ग संपवला होता. तिथं बाईंनी बजावलं होतं, इथं माणूस बोलतो तेच त्याच्या मनात असतं. मी समोवार उचलला आणि वर घेऊन आलो.

"अहो, तुम्हाला काही आहे का?" सायली ओरडली. "आपल्याकडे कुणी 'घर तुमचंच आहे' म्हटलं तर तुम्ही सातबारा मागाल का? आधी परत देऊन या!"

परत द्यायला गेलो तर आगा इतके हसले की खालच्या दुकानातल्या बरण्या हलल्या. म्हणाले, "घाबरू नका. आमच्या लोकांनी रीत म्हणून समोवार दिले आणि तह म्हणून प्रांत दिले. समोवार तरी परत येतात." त्या दिवसापासून आमचा रविवारचा चहा सुरू झाला आणि कप संपेपर्यंत एक तरी तह व्हायचाच. रशियाशी, इंग्रजांशी, तुर्कांशी. करार, हद्द, दस्तऐवज, वकील हे त्यांच्या तोंडचे शब्द ऐकून मला बाबांच्या ऑफिसात बसल्यासारखं वाटायचं.

मग या फेब्रुवारीत आमच्या कंपनीत माणसं कमी करायची लाट आली. एचआरच्या बाईंनी मला बोलावलं, कॉफी दिली, इराची शाळा विचारली. इरा म्हणजे आमची आठ वर्षांची मुलगी. मग हळूच कागद सरकवला. आउफहेबुंग्सफेरत्राग. हा शब्द पुरा उच्चारेपर्यंतच माणूस निम्मा बेकार होतो. अर्थ असा की मी राजीखुशीनं नोकरी सोडतो. "शुक्रवारपर्यंत सही द्या. शंका असल्या तर आमचे वकील समजावतील, फुकट," बाई म्हणाल्या. इतक्या गोड बोलल्या की पेन माझ्या हातात आलेलंच होतं. समोर बसलेल्याला नाही म्हणायचं आपल्याला शिकवलेलंच नसतं. आपण "बघतो" म्हणतो. तसं म्हणालो आणि घरी आलो.

आमचं सगळं एकावर एक रचलेलं. नोकरीवर व्हिसा, व्हिसावर घर, घरावर इराची शाळा. खालचं एक काढलं की सगळं कोसळणार. सायली म्हणाली, "तुम्हाला काय हवंय ते आधी ठरवा." बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांचा आवाज दहा वर्षांनी तरुण झाला. "मग कर की सही! ये परत. तुझी खोली रिकामीच आहे." खरं सांगतो, तेव्हा माझंही मन डगमगलं.

गुरुवारी संध्याकाळी कागद घेऊन खाली गेलो. आगांनी चष्मा लावला. "मध्यस्थ कोण?"

"कंपनीचे वकील."

त्यांनी कप खाली ठेवला. "गुलिस्तान," ते म्हणाले. "काराबाखमधलं खेडं. दोनशे वर्षांपूर्वी रशियानं आम्हा इराण्यांना हरवलं होतं. तह जुळवून द्यायला कोण? इंग्रजांचा वकील. इंग्रजांना तेव्हा फ्रान्सविरुद्ध रशिया हवा होता. तो आमची बाजू किती घेणार? आणि तहात लिहिलं काय, तर आज ज्याच्या हातात जे, ते त्याचं. सगळीकडे नेमकी रेघच नाही! त्या सैल कलमातून भांडणं, भांडणांतून दुसरं युद्ध, मग तुर्कमनचायचा तह. येरेवान गेलं, नखचिवान गेलं, आरास नदीपलीकडचं सगळं गेलं."

"मूर्खच होते म्हणायचे तुमचे दरबारी," मी म्हणालो.

"अजिबात नाही!" आगा चिडले. "वर रशिया, खाली इंग्रज, हातात थकलेलं सैन्य आणि गोड भाषा. तेवढ्यावर त्यांनी देश कुणाची वसाहत होऊ दिला नाही. याला त्याच्यावर सोडायचं, त्याला याच्यावर. आज वकील आजारी, उद्या मुहूर्त नाही. दुबळ्याकडे वेळ एवढंच हत्यार असतं, भाऊ. ते तू शुक्रवारी देऊन टाकणार?"

मग त्यांनी माझ्या कागदातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. इतर हक्कांचं दोन्ही बाजू योग्य वेळी बघून घेतील, असं काहीतरी. आम्ही दोघं एकदमच ओरडलो, "गुलिस्तान!"

हसू ओसरल्यावर त्यांनी चष्मा काढला. "देश सोडताना मीही एका कागदावर सही केली होती. घाई होती. वाचला असता तरी केली असती. पण परत येता येणार नाही हे कळलं असतं, तर आईचा निरोप नीट घेतला असता."

शुक्रवारी मी बाईंसमोर बसलो आणि म्हणालो, "नाइन." म्हणजे सरळ नाही. कँटीनमधले चारशे काटे-चमचे हवेत थांबले. कामगारांच्या प्रतिनिधीला मी शेजारी बसवलं होतं, वकील माझा असेल म्हणालो, मुदत मागितली. बाई म्हणाल्या, "आल्झो... गुट." म्हणजे बरं, ठीक. दोन महिने चालढकल करण्यात मी पर्शियाच्या दरबारालाही मागे टाकलं. शेवटी त्यांनी मला चाचणी विभागात बसवलं. टेबल लहान, खिडकी नाही, पण नोकरी राहिली.

मग बाबांना सांगणं आलं. एचआरपेक्षा ते अवघड.

"सही नाही केली, बाबा."

"म्हणजे येत नाहीस."

"नाही. आत्ता नाही."

इथं मी काही वाढवून सांगत नाही. आईनं मागून "अहो, काय झालं?" विचारलं, तर बाबा तिला एवढंच म्हणाले, "येत नाही तो." तेवढ्यात इरानं डोकं मध्ये घातलं. "ओपा, कोम्स्ट डू?"

"काय म्हणते ती?" बाबांनी विचारलं.

"विचारते, तुम्ही येता का."

"तिला म्हणावं, मराठीत विचार. मग बघतो."

इरानं माझ्याकडे पाहिलं. मी काही सांगितलं नाही. तिनं ओठ हलवून मनात जुळवाजुळव केली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही ये ना."

बाबांनी व्याकरणाची चूक काढली नाही. आमच्या घराण्यात असं पूर्वी कधी घडलेलं नाही. ते फक्त म्हणाले, "थंडी कमी कधी होते तिकडे?"

घर कुठे, असं मला कुणी विचारलं तर पूर्वी मी चिंचवड म्हणायचो, मधली काही वर्षं गप्प बसायचो. आता म्हणतो, जिथल्या माणसांना तोंडावर नाही म्हटलं तरी ती पुढच्या रविवारी फोन करतात, ते घर. बाबांनी पुढच्या रविवारी केला. स्वेटर किती जाड आणू, विचारत होते.