चौथ्या प्रकरणातला क्ष

माझे धाकटे दीर फौजदारी कायद्याचे प्राध्यापक. घरातली पोरं त्यांना कलमकाका म्हणत. वर्गात खून, दरोडे रंगवून सांगणारा हा माणूस घरात पाल दिसली तरी मला हाक मारायचा. तरुणपणी युरोपात शिकून आले ते जर्मनांचा एक विचार घेऊन. समजा, कुणा 'क्ष'ने साखरेला विष समजून ती कुणाला दुधातून पाजली, तरी तो खुनाचा प्रयत्नच. इजा झाली की नाही ते सोडा, मनात काय होतं ते बघा. जुन्या फ्रेंच पंडितांना हे पटायचं नाही. धोकाच नाही, तर गुन्हा कसला, असं ते म्हणत. भाऊजींनी त्यांना आपल्या पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात पार झोडपलं होतं. नाव झालं ते त्या प्रकरणामुळेच.

एका सकाळी त्यांचा जुना विद्यार्थी घरी आला. आता तो सरकारी वकील होता. एका मुलीने नवऱ्याच्या दुधात उंदराचं औषध घातलं होतं. दुकानदार लबाड, पुडीत नुसतं रंगवलेलं पीठ निघालं. नवऱ्याने दूध पिऊन वर साखर कमी म्हणून तिला बोल लावले. घाबरून तिनेच पोलिसांना सगळं सांगितलं.

"सर, ही तर तुमची क्षच," तो खुशीत म्हणाला. "तुमचं चौथं प्रकरण कोर्टापुढे ठेवलंय. ते खोडून काढायला तिचा वकील तुम्हाला साक्षीला बोलावणार आहे. लिहिलंय ते बरोबर आहे, एवढं म्हणा. बाई सुटत नाही."

भाऊजींनी चहा तसाच खाली ठेवला.

तेव्हापासून त्यांचं जेवण सुटलं. पुस्तक उघडायचे, मिटायचे. "पोरांना नापास करतानाही मला ताप यायचा, आणि आता माझ्या लिहिण्याने कुणी खरंच आत जाईल," असं म्हणायचे. मग तसं कोर्टात सांगा, मी म्हटलं. पण त्यांना जन्मभर शिकवलेलं उलटं सांगितलं तर लोक काय म्हणतील, याचीही भीती होतीच.

साक्षीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेले. मुलगी पिंजऱ्यात उभी होती. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडून वाकडीच जुळलेली. भाऊजी त्या बोटांकडेच बघत राहिले. प्रकरण बरोबर आहे का, हे तिच्या वकिलाला दोनदा विचारावं लागलं.

"मनात काय होतं ते बघा, असं मी लिहिलं," ते अगदी हळू म्हणाले. "हिच्या मनात भीती होती. भीतीबद्दल माझ्या पुस्तकात एक ओळ नाही. ते प्रकरण चुकलंय."

"मग सर, आम्ही परीक्षेत काय लिहून पास झालो?" सरकारी वकिलाने विचारलं. कोर्टात हशा पिकला. भाऊजी कठडा धरून उभे होते.

निकालाच्या दिवशीही आम्ही गेलो. पिठाने कुणाच्या जिवाला धोका नव्हता असं म्हणून न्यायाधीशांनी तिला सोडलं. तिच्या वकिलाने भाऊजींचा हात दाबला. मला हायसं वाटलं.

मुलगी मात्र बाकावरून उठेना. दारात तिचा नवरा उभा होता, सोबत त्याचे दोन भाऊ. "चल घरी," तो नेहमीच्या आवाजात म्हणाला. तिने बाकाची कड धरली.

"वहिनी, तुम्ही तिच्याजवळ बसा," म्हणून भाऊजी दाराकडे निघाले. त्या तिघांच्या पुढ्यात जाऊन ते दार अडवून उभे राहिले.