बशीरच्या कवितेतल्या मोकळ्या जागा

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. बशीरला कुणी ‘साधा, गोड कवी’ म्हणालं की मी मुकाट मान डोलावतो — आणि घरी येऊन जेवतो. जेवण जातं, हेच नवल.

बशीर माझा मित्र. मूळचा करमाडचा, औरंगाबादेत हिमरू कापडाच्या मागावर विणायचा आणि कविता करायचा — मराठीत, दखनी मिसळून. निजामाचं राज्य; शाळा-कचेरीत सगळी उर्दू, मराठीला विचारतो कोण? मी शिळाछापखान्यात कातिब होतो. मी कागदावर लिहायचं, ते दगडावर उतरायचं, मग छापायचं. अक्षर मोत्यासारखं, वृत्तं तोंडपाठ. घमेंड तर विचारूच नका.

त्याच्या कविता मला कळत नसत. अर्धी ओळ. मग मोकळी जागा. दोन शब्द. पुन्हा जागा. तोंडावर वाहवा करायचो. मनात म्हणायचो — गड्याला शब्द सुचत नाहीत.

तो क्षयानं गेला. त्याची चोपडी हलीमाभाभींनी, त्याच्या बायकोनं, स्वतः माझ्या हाती दिली. ‘हाय तसं छापा, भाई,’ एवढंच म्हणाल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण त्याची कविता न् कविता पाठ होती.

मी काय केलं? जागा भरल्या. यमकं जुळवली. दखनी शब्द काढून शुद्ध मराठी घातली. वाटलं, मित्रावर उपकार करतोय. — खरंच तसं वाटलं? की त्याच्यापेक्षा मला जास्त येतं, हे दाखवायचं होतं?

पहिली छापील प्रत घेऊन भाभींकडे गेलो. माझ्यापुढं त्या पडदा करत नसत. मी वाचू लागलो, त्या मागाशेजारी बसून ऐकू लागल्या, आणि त्यांचं बोट लाकडावर वाजू लागलं — ठक, ठक. माझ्या शब्दांपाशी ते अडखळायचं. तेव्हा मला कळलं. बशीर विणताना कविता म्हणायचा. सूत घेऊन धोटा पलीकडे जायचा, फणीचा ठोका पडायचा, तेवढा वेळ तो गप्प. त्या जागा ठोक्यांच्या होत्या.

‘भाई, ह्ये त्यांचं नाय.’

बाकीच्या प्रती अजून छापायच्या होत्या. दगड घासून सगळं पुन्हा लिहिता आलं असतं. आणि मी म्हणालो — शेवटच्या दिवसांत त्यानंच हे बदल मला सांगितले.

त्यांनी लाकडावरचं बोट उचलून घेतलं. मग म्हणाल्या, ‘मला नाय सांगितलं. तुमाला सांगितलं आसंल. शिकिवता का मला?’

मी शिकवलं. लाज वाटत होती, तरी ओळ न् ओळ घोकून घेतली. चोपडी छापखान्याच्या चुलीत घातली. पुस्तकाचं कौतुक झालं.

दर साली बशीरच्या बरसीला भाभी त्याच्या म्हणून माझ्या ओळी म्हणायच्या, एक शब्द न चुकता. मी समोर बसलेला असायचो. त्यांचं बोट हलू बघायचं. दुसऱ्या हातानं त्या ते घट्ट धरून ठेवायच्या.