आबांच्या धाब्यावरची माती

"त्या घराची आधी नीट तपासणी करून घेऊ," असं आमचे हे जेवता जेवता म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. घर मी पसंत केलं होतं. घरमालक आबांच्या ओट्यावर बसून, त्यांच्या हातचा चहा पिऊन मी त्यांना शब्द दिला होता. आता तपासणी कसली? साखरपुडा झाल्यावर मुलीचे दात मोजायला जातं का कोणी?

ह्यांनी शांतपणे कळण्याची भाकरी मोडली. हे बोलतात कमी, पण त्या दिवशी म्हणाले, "भरताची वांगी घेताना तू एकेक वांगं दाबून बघतेस. माठ वाजवून घेतेस. टरबूज तर टरबूजवाला कावेपर्यंत ठोकतेस. आणि ज्या छपराखाली उरलेला जन्म झोपायचं, ते धड आहे का एवढंही बघायचं नाही?"

मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी चिडले. माझ्या चिडण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. दोन दिवस मी ह्यांच्याशी कामापुरतं बोलले.

आम्ही दोघं जळगावात राहतो. मी शाळेत शिकवून निवृत्त झाले, हे पाटबंधारे खात्यातून. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, वर गच्ची, लिफ्ट नाही आणि ह्यांचे गुडघे गेलेले. वैशाखात रात्री अकरा वाजतासुद्धा भिंतीला पाठ टेकवत नाही. त्यामुळे दोन वर्षं आम्ही खेड्यात जुनं घर शोधत होतो. जामनेरकडे पाहिलं, रावेरकडे पाहिलं, आणि शेवटी पारोळ्याजवळच्या एका गावात हे घर सापडलं. चार खणांचं, धाब्याचं. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि फळ्या, आणि सगळ्यांच्या वर मातीचं सपाट छप्पर, म्हणजे धाबं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत पाऊल टाकलं तर असा गारवा की मला तिथेच चटई टाकून आडवं व्हावंसं वाटलं.

आबा त्या घरात एकटेच राहत. वय ऐंशीच्या घरात, अंगकाठी काटक. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा सुरतेला नोकरीला, आणि आबाही आता त्याच्याकडे जाणार, म्हणून घर विकायला काढलेलं. मी शब्द दिल्यावर दुसरी दोन गिऱ्हाइकं आली, तर आबांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "बाईले शब्द दिधा शे," एवढंच सांगितलं. आणि अशा माणसाच्या दारात मी इंजिनिअर घेऊन जायचं. आमच्याकडे घर विकत घेताना माणूस बघतात, त्याचा सात-बारा बघतात, भाऊबंदकी आहे का विचारतात. भिंती ठोकत बसणं म्हणजे, बाबा रे, तुझ्यावर आमचा भरवसा नाही, असं तोंडावर सांगणंच.

पण ह्यांनी परस्पर धुळ्याच्या एका मुलीला सांगूनही टाकलं होतं. जुन्या घरांचीच तपासणी करते म्हणे. मला वाटलं, कोणीतरी लॅपटॉप घेऊन येईल, चार फोटो काढेल आणि जाईल. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधीच्या आठवड्यात ती आली ती स्कूटरवर, तोंडाला ओढणी बांधून. पिशवीत हातोडी, टॉर्च, ओळंबा आणि एक लांब, बारीक पेचकस. ओढणी सोडून पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "काकू, मला दोन तास लागतील. तोवर मला कोणी काही सांगू नका. घर सांगेल ते मी ऐकते." आठवी-नववीच्या वर्गांना पस्तीस वर्षं गप्प बसवलेल्या बाईला ही पोर गप्प बसवत होती. आमचे हे मिशीत हसत होते, ते मी पाहिलं.

आबा ओट्यावर जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून. आत ठक् ठक् सुरू झालं तसं त्यांनी मान न वळवता विचारलं, "तुमले घर लेनं शे का पाडनं शे?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी गुपचूप त्यांच्या चुलीपाशी गेले आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. आबांनी तो घेतला, पण कप बाजूला ठेवून दिला, साय धरेपर्यंत.

ती मुलगी खरोखरच एकेक कोपरा बघत होती. पश्चिमेच्या भिंतीला तिने ओळंबा लावला, भिंत थोडी कलली होती. पण कलणं जुनं आहे, आता थांबलंय, घाबरायचं कारण नाही, असं म्हणाली. मोरीमागच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत ओल होती, त्यासाठी मोरीच्या पाण्याची वाट बदलायला सांगितली. खांब वाजवले, ते टणटणीत. मी प्रत्येक वेळी ह्यांच्याकडे बघत होते, बघा, झालं का समाधान, अशा नजरेने. मग ती शिडी लावून धाब्यावर चढली आणि वरूनच ओरडली, "काका, आबांना विचारा, इथे एक खड्डा करून बघू का?"

धाब्यात खड्डा. आबा ताडकन उठले. आमच्या भागात दर वर्षी पावसाळ्याआधी धाब्यावर पांढरी खारी माती टाकतात, म्हणजे पाणी झिरपत नाही. मातीच्या टोपल्या डोक्यावरून वर न्यायच्या, पसरायची, चोपायची. ज्याच्या धाब्यावर वेळेवर माती पडते तो घरंदाज, ज्याचं गळतं तो आळशी, असा सरळ हिशोब. आबा शिडीपाशी जाऊन म्हणाले, "मना बापनी बांधेल घर शे. एक साल बी मी माती चुकाडी नही. गावमा कोणालेबी विचारा."

इथे माझाही तोल गेला. मी खालून त्या मुलीला म्हटलं, "अगं, म्हाताऱ्या माणसाने जपलेलं धाबं आहे ते. पुरे झालं तुझं खोदकाम. इतकी जाड माती आहे म्हणून तर घर गार आहे." माझ्या माहेरीही धाबं होतं, माझे वडीलही दर वर्षी माती टाकत, त्यामुळे मला यातलं सगळं कळतं अशी माझी समजूत होती.

ती रागावली नाही. खाली उतरली, मधल्या खणात गेली. तिथे आबांची खाट होती, वर तुळई, तिला छान तपकिरी ऑइलपेंट दिलेला. तिने खाटेकडे बघितलं आणि विचारलं, "या खणात कोण झोपतं?"

"मी ते आठेच झोपस," आबा म्हणाले.

"मग आबा, मला खड्डा करू द्या," ती म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं की आबा बाजूला झाले.

तिने परत धाब्यावर चढून वीतभर रुंदीचा खड्डा घेतला. मीही पदर खोचून शिडी चढले, कारण मला तिला खोटं पाडायचं होतं. तिचा हात कोपरापर्यंत आत गेला तरी खाली लाकूड लागलं नाही. खड्ड्याच्या कडेला मातीचे थर दिसत होते, पुरणाच्या मांड्यांच्या चवडीसारखे, एकावर एक, एकेका पावसाळ्याचा एकेक. ती म्हणाली, "काकू, नवीन माती टाकायच्या आधी दर काही वर्षांनी जुनी खरवडून काढायची असते, नाहीतर तुळयांवरचं ओझं वाढत जातं. पूर्वी काढायचे. मग मजूर मिळेनासे झाले, आणि लोक नुसतीच टाकत राहिले." मी तिथेच उन्हात बसले. माझ्या वडिलांनी माती टाकलेली मला आठवत होती. काढलेली एकदाही आठवत नव्हती.

खाली येऊन तिने खाटेवर उभं राहून तुळईचं भिंतीत गेलेलं टोक वाजवलं. आवाज भोपळ्यासारखा आला. तिने पेचकस टेकवलं आणि नुसतं दाबलं. रंगाचा पापुद्रा फुटला आणि पेचकस मुठीपर्यंत आत गेलं. आतलं सागवान उधईने, म्हणजे वाळवीने, खाऊन टाकलेलं, भुसा खाटेवरच्या गोधडीवर पडला.

"घर चांगलं आहे," ती आम्हाला म्हणाली, "घ्या खुशाल. पण आधी वरची माती पूर्ण उतरवा, ही तुळई बदला, वर पत्रे टाका. पत्र्याखाली थोडी माती परत पसरली तर गारवाही राहील. मग परत कधी माती टाकायची गरज नाही. आणि आजपासून या खणात कोणी झोपायचं नाही."

आबा म्हणाले, "इतला साल पडनं नही ते आते पडी का?"

मी त्यांची गोधडी झटकली, उशी उचलली आणि सगळं अंथरूण बाहेरच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. परत येऊन खाटेला हात घातला. आबा मला आडवे आले. "बाई, अजून घर तुमनं व्हयनं नही," ते म्हणाले. असं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

"नाहीच झालं," मी म्हटलं. "तुमचंच आहे. म्हणून तुम्ही त्याच्याखाली मरायचं का?"

हे बोलायला नको होतं, आणि तरी बरं झालं बोलले. मग त्या मुलीने पेचकस आबांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आबा, तुमीच देखा." ते खाटेवर चढले. ह्यांनी त्यांचा हात धरला. आबांनी तुळईत दुसऱ्या जागी टोचलं, तिसऱ्या जागी टोचलं. मग उतरून खाटेच्या कडेला बसले आणि दोन्ही तळव्यांकडे बघत राहिले.

"मी ते एक साल बी चुकाडी नही," ते परत म्हणाले. या वेळी ते आम्हाला सांगत नव्हते.

ती मुलगी त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. म्हणाली, "आबा, तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही जपलं म्हणून तर बाकीचं घर उभं आहे. काढायचं असतं हे तुम्हाला कोणी सांगितलंच नाही." मग तिने त्यांचा गार झालेला चहा परत गरम करून आणला. तो त्यांनी घेतला. त्या पोरीचे उपकार मी कुठे फेडू, हा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला. तिने आमची बाजू घेतली नाही, आबांची घेतली नाही. जे होतं ते सांगितलं, आणि सांगून झाल्यावर निघून न जाता खाली बसली.

आबा त्या दिवसापासून ओसरीवर झोपू लागले. आखाजीला मुलगा सुरतेहून आला, मोठी रजा काढून. गावातल्या माणसांनी हात लावला आणि ट्रॉलीमागून ट्रॉली माती निघाली, शेताच्या बांधावर पसरली गेली. तुळई उतरवताना तिचं टोक हातात धरायलाच राहिलं नाही, भिंतीतच कोंड्यासारखं सांडलं. ती मुलगी धुळ्याहून तीनदा येऊन बघून गेली. मृगाच्या आत नवी तुळई बसली, वर पत्रे पडले. आमचं खरेदीखत दिवाळीनंतर करायचं ठरलं होतं, आणि मी इकडे पडद्यांचं कापड बघायला सुरुवात केली होती.

पोळा झाल्यावर एका सकाळी आबा जळगावात आमच्या दारात उभे. तीन जिने चढून आलेले, हातात बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा. एसटीने एकटे आले होते. पाणी दिलं, चहा दिला, तरी डबा मांडीवरून खाली ठेवेनात. मला वाटलं, घरात काही वाईट झालं. शेवटी डबा माझ्याकडे सरकवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, मी शब्द मोडाले येल शे."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. दोन वर्षांची वणवण, एवढी उस्तवार, आणि हा म्हातारा बिबड्या देऊन वाटेला लावतोय. मी म्हटलं, "काय झालं आबा? कोणी जास्त भाव दिला?"

त्यांनी मान हलवली. मग हळूहळू सांगू लागले. चार वर्षांपूर्वी माती टाकताना शिडीवरून पाय सटकला होता. ते कोणाला सांगितलं नव्हतं. त्यानंतर दर वर्षी टोपली डोक्यावर घेतली की पाय कापायचे. आपल्याच्याने आता धाबं होत नाही, आणि आपल्या डोळ्यांदेखत घर गळायला लागलेलं बघवणार नाही, म्हणून त्यांनी ते विकायला काढलं होतं. मुलाने बोलावलं होतं हे खरं, पण सुरतेच्या दोन खोल्यांत त्यांचा जीव घुसमटायचा. जायचं ठरलं तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

"आते माती टाकनी नही," ते म्हणाले. "आते मले सुरतले जानं नही." आणि ऐंशी वर्षांचा तो माणूस आमच्या सोफ्यावर बसून रडला.

ह्यांनी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. चार महिने मी त्या घरात जात-येत होते. मोरीचं पाणी कुठे जातं, देवळीत किती डबे मावतील, तुळशीवृंदावन कुठे हलवायचं, सगळं मी आबांना विचारलं होतं. आबा, तुम्ही घर का विकताय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांनी विकलं असतं, शब्द दिला होता म्हणून, आणि मी त्यांच्या खणात माझी खाट टाकून गाढ झोपले असते.

मी डोळे पुसले, बिबड्या भाजल्या आणि बाहेर नेऊन दिल्या. "शब्द परत केला, आबा," मी म्हटलं. "खा आता."